व्यवस्थापकपदाची हुकलेली पायरी : भोर व वेल्हे तालुक्यांच्या संदर्भात

कारखान्यातील व्यवस्थापकपदाचा मार्ग बहुधा पाळीप्रमुखपदावरून जातो. हीच पायरी कायद्याने स्त्रियांसाठी अर्धवट ठेवली होती. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ६४ अन्वये पर्यवेक्षक व व्यवस्थापकांना कामाच्या तासांच्या बंधनातून सूट मिळे. कलम ६६ मधील स्त्रियांच्या रात्रकामावरील मनाई मात्र त्या पदांवरील स्त्रियांनाही लागू राहिली. संरक्षणार्थ केलेली तरतूद अशी बढतीच्या आड आली. १९७४ मध्ये सुधा मूर्ती (तेव्हा कुलकर्णी) यांनी पुरुषांपुरत्या जाहिरातीबद्दल जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून टेल्कोत प्रवेश मिळवला, तेव्हाही ही मनाई होतीच.

महाराष्ट्राने २०१५ मध्ये दुरुस्ती करून सुरक्षितता व वाहतुकीच्या अटींवर रात्रपाळी खुली केली. भोर-वेल्ह्यात (आताचा राजगड) खरी कसोटी या वाहतुकीच्या अटीची आहे. खेड-शिवापूर, शिरवळचे कारखाने महामार्गालगत. अनेक गावे मात्र राजगड-तोरण्याच्या पायथ्याशी, भाटघर व पानशेत जलाशयांच्या पलीकडे. कंपनीची बस फाट्यापर्यंतच येत असेल, तर तेथील पदविकाधारक मुलगी रात्रपाळी स्वीकारू शकत नाही, आणि बढतीच्या वेळी तिच्या सेवानोंदीत तेवढाच अनुभव कमी भरतो.