संगणकाचा चित्रसारथि : त्याची निवड आणि अदलाबदल

ता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें 'विंडोज १०' या प्रणालीची नेहमींची मोफत देखभाल थांबविली, आणि कितीएक सुस्थितींतील संगणक मोडीच्या वाटेला लागले. 'विंडोज ११' ला जी सामग्री लागते ती आपल्या पोटांत नाहीं, एवढाच त्यांचा अपराध ! ज्या घरांत आजोबांचें वाचन, सूनबाईंची शिकवणी, मुलांचे खेळ आणि परदेशीं असलेल्या नातवाशीं रविवारचें बोलणें हें सारें एकाच यंत्रावर चालतें, तेथें धडधाकट संगणक केवळ कंपनीच्या तारखेसाठीं टाकून देणें जिवावर येतें. अशा वेळीं घरांतील एखादा उत्साही पुतण्या "लिनक्स घालून पाहूं या" असें सुचवितो, आणि ती सूचना बहुधा चांगलीच असते. हेलसिंकी येथील लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं आरंभिलेली ही प्रणाली विनामूल्य मिळते, व तिचे कांहीं अवतार जुन्या यंत्रावरही सुखानें चालतात.

परंतु पुष्कळदां याच टप्प्यावर विघ्न उभें राहतें. प्रणाली बसते, पण पडदा काळाच राहतो. किंवा चित्र दिसतें, पण तें अडखळत हलतें; पंखा घोंघावूं लागतो; बॅटरी पाहतां पाहतां उतरते. मग वडील मंडळी "तरी आम्ही सांगत होतों" म्हणून मोकळी होतात. वास्तविक येथें यंत्र निर्दोष असतें आणि लिनक्सचाही अपराध थोडाच असतो. उणीव असते ती पडद्यावर चित्र उमटविणाऱ्या भागाच्या सारथ्याची. हा सारथि कोण, तो कसा निवडावा, कसा बसवावा आणि प्रसंगीं कसा बदलावा, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

सारथि म्हणजे कोण ?

आजच्या साधारण पडद्यावर आडवे १९२० व उभे १०८० मिळून २०,७३,६०० ठिपके असतात, आणि तो पडदा बहुधा सेकंदाला ६० वेळां नव्यानें रंगविला जातो. म्हणजे दर सेकंदाला बारा कोटींहून अधिक ठिपक्यांचे रंग ठरवावे लागतात. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा कुशल आचाऱ्यासारखा आहे. कोणताही पदार्थ तो करूं शकेल. पण पांचशें पानांच्या पंगतींत वाढावयासही त्यालाच उभें केलें, तर भात निवून जाईल. ग्राफिक्स कार्ड म्हणजे वाढप्यांची लांबलचक रांग. एकेकाचें काम साधें, पण सारे एकाच वेळीं वाढतात, म्हणून पंगत वेळेवर उठते.

या रांगेला समजेल अशा भाषेंत हुकूम पोंचविणारा जो मध्यस्थ, त्यास ड्रायव्हर म्हणतात. आपण त्यास सारथि म्हणूं. तो नसला तरी लिनक्स कसेंबसें चित्र दाखवितें; पण मग वाढण्याचें काम पुन्हां त्या बिचाऱ्या आचाऱ्याच्या गळ्यांत पडतें. अडखळणारें चित्र आणि घोंघावणारा पंखा यांचें मूळ बहुधा येथें असतें.

तीन घराणीं

घरगुती संगणकांत चित्राचें काम करणाऱ्या चिपा मुख्यत्वें तीन कंपन्यांच्या आढळतात : इंटेल, एएमडी आणि एनव्हिडिया. पहिल्या दोहोंचे सारथि लिनक्सच्या गाभ्यांतच, म्हणजे 'कर्नल' मध्येंच, समाविष्ट असतात. एएमडीनें २००७ सालापासून आपल्या चिपांची माहिती जगापुढें मांडावयास आरंभ केला आणि २०१५ मध्यें 'एएमडीजीपीयू' हा तिचा खुला सारथि कर्नलमध्यें आला. या दोन घराण्यांचें यंत्र ज्यांच्या घरीं असेल त्यांनीं निराळा ड्रायव्हर शोधीत फिरण्याचें सहसा कारण नाहीं. प्रणाली अद्ययावत् ठेवली म्हणजे झालें. नसती उठाठेव करून चांगलें चाललेलें बिघडविल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत.

खरा प्रश्न तिसऱ्या घराण्याचा. एनव्हिडियाच्या कार्डासाठीं दोन सारथि उपलब्ध आहेत. एक कंपनीचा स्वतःचा : वेगवान, पण दीर्घकाळ पूर्णपणें कुलपांत ठेवलेला. दुसरा 'नुव्हो'. फ्रेंच भाषेंत या शब्दाचा अर्थ 'नवा'. कंपनीनें माहिती दिली नाहीं म्हणून स्वयंसेवकांनीं चिपेचें वर्तन बाहेरून न्याहाळून, ताडून, तो रचिला. एखाद्यानें घड्याळ न उघडतां केवळ टिकटिक ऐकून आंतील चक्रें ओळखावीं, तसा हा प्रकार ! २०१० सालीं हा सारथि कर्नलमध्यें दाखल झाला.

कंपनीच्या या मौनाचा लिनक्सकर्त्यांना केवढा संताप होता, याची साक्ष २०१२ सालीं जगानें पाहिली. फिनलंडांतील आल्टो विद्यापीठांतील एका सभेंत एनव्हिडियाविषयीं प्रश्न निघतांच टोरवाल्ड्स यांनीं कॅमेऱ्याकडे तोंड करून बोटानें अशी कांहीं खूण केली कीं तिचें वर्णन कुटुंबांतील मासिकांत न केलेलें बरें. पुढें २०२२ च्या मे महिन्यांत कंपनीनें आपल्या सारथ्याचा कर्नलमध्यें बसणारा भाग खुला केला. पण तो २०१८ च्या 'ट्युरिंग' पिढीपासून पुढच्या कार्डांसाठींच. त्याचा उरलेला, कर्नलबाहेरचा भाग अद्यापि बंदच आहे.

किल्ली कोणाच्या हातीं ?

कोणी म्हणेल, चित्र दिसल्याशीं कारण. सारथि खुला कीं बंद याची चिकित्सा गृहस्थानें कशाला करावी? त्यास उत्तर असें कीं हा प्रश्न शेवटीं वस्तूच्या आयुष्याचा आहे.

अमेरिकेंतील एमआयटीच्या प्रयोगशाळेंत १९८० च्या सुमारास झेरॉक्स कंपनीचें एक छपाईयंत्र आलें. त्यांत कागद अडकला कीं सर्वांस सूचना मिळावी, अशी सोय रिचर्ड स्टॉलमन यांस करावयाची होती. पण तें यंत्र चालविणाऱ्या कार्यक्रमाचा मूळ मजकूर त्यांना नाकारण्यांत आला. वस्तु आपल्या दारीं, पण तिची किल्ली दुसऱ्याच्या कनवटीला, ही स्थिति त्यांस असह्य झाली, आणि १९८३ सालीं त्यांनीं 'ग्नू' हा खुल्या प्रणालीचा प्रकल्प घोषित केला. लिनक्सच्या संसारांतील बरींच भांडींकुंडीं याच प्रकल्पांतून आलेलीं आहेत. सारांश, सारथ्याच्या किल्लीचा वाद लिनक्सहूनही जुना आहे.

आतां तोच न्याय घरच्या कार्डास लावून पाहूं. एनव्हिडिया आपल्या जुन्या पिढ्यांना कांहीं वर्षांनीं निरोप देते. २०१० च्या 'फर्मी' पिढीची शेवटची सारथि-मालिका ३९०; २०१२ च्या 'केप्लर' ची ४७०; २०१४ च्या 'मॅक्सवेल' ची व २०१६ च्या 'पास्कल' ची ५८०. बंद सारथ्याला प्रत्येक नव्या कर्नलशीं नव्यानें जुळवून घ्यावें लागतें. ती जुळणी करणारानें हात आखडला, कीं एखाद्या दिवशीं कर्नल पुढें जातो आणि सारथि मागें राहतो. यंत्र तेंच, कार्ड तेंच, पण चित्र नाहीं ! नुव्हो मात्र कर्नलच्या घरांतच राहात असल्यामुळें कर्नलबरोबर तोही पुढें चालतो. फर्मी व केप्लर यांसारख्या वृद्ध कार्डांना आज त्याचाच आधार आहे.

तथापि नुव्होची स्तुति आंधळेपणानें करूं नये. २०१४ च्या उत्तरार्धांतील मॅक्सवेल कार्डांपासून कंपनीनें चिपेच्या अंतर्गत कार्यक्रमावर आपली सही आवश्यक केली, आणि त्यामुळें पास्कलपर्यंतच्या कार्डांचा वेग नुव्होला वाढवितां येत नाहीं. घोडा आहे, पण लगाम सैल सोडण्याची मुभा नाहीं. लेखन-वाचनास तो पुरतो. खेळ व चित्रपटसंपादन यांस पुरत नाहीं. म्हणून त्या दोन पिढ्यांच्या मालकांनीं ५८० मालिका चालते आहे तोंवर तिचा लाभ घ्यावा, आणि ती थांबल्यावर परतीची वाट ठाऊक असूं द्यावी.

बसविण्याची रीत

प्रथम लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहावें. तसें केल्यानें मूळ प्रणालीस धक्का न लागतां पडदा, आवाज, वायफाय यांची परीक्षा होते. प्रणाली कायमची घालण्यापूर्वीं घरांतील छायाचित्रें व कागदपत्रें यांची प्रत अन्यत्र काढून ठेवावी, हें सांगावयास नकोच.

दुसरी गोष्ट, कार्डाची ओळख. टर्मिनलांत 'एलएसपीसीआय' ही आज्ञा रोमन अक्षरांनीं टंकली असतां यंत्रांतील भागांची यादी येते. तींत चित्राच्या चिपेचें नांव मिळतें. पिढी कळल्यावांचून सारथि निवडणें म्हणजे माप न घेतां अंगरखा शिवणें होय.

तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट : सारथि आपल्या प्रणालीच्याच भांडारांतून घ्यावा. उबंटूमध्यें 'ॲडिशनल ड्रायव्हर्स' आणि लिनक्स मिंटमध्यें 'ड्रायव्हर मॅनेजर' या खिडकींत योग्य त्या मालिकांची यादी येते व शिफारस केलेल्या ओळीवर तशी खूणही असते. ती निवडावी, बदल लागू करावा आणि यंत्र पुन्हां सुरू करावें. कंपनीच्या संकेतस्थळावरून थेट उतरविलेली प्रतही बसते. पण तिची नोंद भांडाराच्या वहींत नसते, आणि पुढें प्रणाली अद्ययावत् करतांना घोटाळा होतो. भांडारांतून घेतलेला सारथि कर्नल बदलल्यावर त्याशीं जुळवून देण्याची व्यवस्था प्रणालीच पाहते.

चौथी गोष्ट पुष्कळांना अडविते. यंत्रांत 'सिक्युअर बूट' हा पहारा चालू असेल, तर बाहेरच्या सारथ्यास ओळखपत्र लागतें. बसवितांना एक परवलीचा शब्द विचारला जातो, आणि पुढच्या आरंभीं निळा पडदा येऊन 'एनरोल एमओके' असा पर्याय दिसतो. तो निवडून तोच शब्द द्यावयाचा असतो. पुष्कळ लोक हा निळा पडदा पाहून घाबरतात व तसेच पुढें जातात. मग सारथि दाराबाहेरच राहतो. शब्द कागदावर लिहून जवळ ठेवावा. सर्व झाल्यावर 'एनव्हिडिया-एसएमआय' ही आज्ञा दिली असतां सारथ्याची आवृत्ति व कार्डाचें तपमान दाखविणारा तक्ता येतो. तो आला म्हणजे कार्य सिद्धीस गेलें.

नुव्होकडे परत जाणें असेल, तर त्याच खिडकींत त्याची ओळ निवडावी व यंत्र पुन्हां सुरू करावें. एका कार्डावर एका वेळीं एकच सारथि बसतो, हें मात्र ध्यानांत असावें.

एका लॅपटॉपांत दोन चिपा

२०१० सालीं एनव्हिडियानें 'ऑप्टिमस' ही योजना आणली, तेव्हांपासून अनेक लॅपटॉपांत दोन चिपा नांदतात : इंटेलची काटकसरी आणि एनव्हिडियाची बलवान. हलक्या कामास पहिली, जड कामास दुसरी. लिनक्सवर प्रारंभीं याची सोय नव्हती, म्हणून स्वयंसेवकांनीं २०११ मध्यें 'बम्बलबी' हा प्रकल्प काढला. त्याच्या स्थापनेच्या कार्यक्रमांत एके ठिकाणीं 'यूएसआर' या नांवापुढें एक मोकळी जागा चुकून पडली. हेतु होता एक लहानसा भाग पुसण्याचा. अर्थ झाला प्रणालीचें मुख्य कोठारच पुसण्याचा! कित्येकांच्या यंत्रांचा त्यांत निकाल लागला. चूक पुढें दुरुस्त झाली. परंतु अपरिचित आज्ञा न समजतां उतरवून चालविणारांनीं ही कथा विसरूं नये.

आतां उबंटूमध्यें 'प्राइम-सिलेक्ट' या आज्ञेनें तीन पर्याय मिळतात. 'इंटेल' निवडल्यास बलवान चिप निजते, बॅटरी पुष्कळ टिकते. 'एनव्हिडिया' निवडल्यास सर्व चित्र तीच काढते. 'ऑन-डिमांड' मध्यें नित्याचें काम इंटेलकडे राहतें आणि आपण सांगूं तेवढाच कार्यक्रम दुसरीकडे जातो. पर्याय बदलल्यावर यंत्र पुन्हां सुरू करावें. मध्यम मार्ग म्हणून तिसरा पर्याय चांगला. पण ट्युरिंगपूर्वीच्या कार्डांत रिकामी बसलेली बलवान चिपही बहुधा वीज खात राहते, तेव्हां प्रवासांत पहिलाच बरा. कित्येक लॅपटॉपांत बाहेरच्या पडद्याची एचडीएमआय खोबण बलवान चिपेलाच जोडलेली असते. 'इंटेल' पर्यायांत दिवाणखान्यांतील मोठ्या पडद्यावर चित्र येईनासें झालें, तर केबल बदलण्यापूर्वीं हें आठवावें.

पडदा काळा झाल्यास

प्रथम धीर धरावा. पडदा काळा झाला म्हणजे आंतील कागदपत्रें गेलीं असें नव्हे. यंत्र सुरू होतांना 'शिफ्ट' किंवा 'एस्केप' कळ दाबली असतां ग्रबची यादी येते. तेथें पुढारलेल्या पर्यायांत जुना कर्नल असतो; तो निवडल्यास पुष्कळदां चित्र परत येतें. न आल्यास 'ई' कळ दाबून, 'लिनक्स' शब्दानें आरंभ होणाऱ्या ओळीच्या शेवटीं 'नोमोडसेट' हा शब्द जोडावा व 'एफ १०' दाबावें. मग सारथ्यावांचून साधें चित्र दिसतें. तें सुंदर नसतें, पण बिघडलेला ड्रायव्हर काढून दुसरा निवडण्यापुरतें पुरेसें असतें. हा शब्द त्या एका खेपेपुरताच टिकतो, म्हणून त्याचें भय नाहीं.

या साऱ्यांतून गृहस्थानें घ्यावयाचा बोध थोडा आहे. नवें यंत्र घेतांना, तें पुढें लिनक्सवर चालवावें असा विचार असेल, तर ज्याचा सारथि कर्नलच्याच घरचा आहे अशी चिप पसंत करावी. एनव्हिडियाचें कार्ड घरांत असेलच, तर त्याची पिढी व तिची शेवटची मालिका एका कागदावर लिहून यंत्राच्या पावतीबरोबर ठेवावी. मुलांस खेळासाठीं कंपनीचा सारथि हवा असेल तर तो खुशाल बसवावा, पण बसविण्यापूर्वीं नुव्होकडे परतण्याची कृति त्यांच्याकडून एकदां करवून घ्यावी. परतीची वाट ज्यास ठाऊक आहे त्यानें नव्या वाटेनें जाण्यास भिण्याचें कारण नाहीं. आणि अशा घरांतील संगणक कंपनीच्या तारखेनें नव्हे, तर आपलें आयुष्य पुरें झाल्यावरच मोडींत जाईल.