दिव्यावरचा बर्फ

स्वीडनच्या साब कंपनीने १९७० साली आपल्या ‘९९’ या मोटारीच्या हेडलाइटना छोटे वायपर आणि पाण्याचे फवारे बसवले. ज्या देशात डिसेंबरमध्ये दुपारीच अंधारून येते, तिथे ही चैन नव्हती, गरज होती. मला हे वायपर फार आवडतात, कारण हिमवर्षावात दिवा नुसता पेटता असून भागत नाही, तो उघडाही राहावा लागतो, हे त्यांत कुणीतरी ओळखले होते.

गाडी धावू लागली की समोरची हवा तिला वळसा घालून निघून जाते. हिमकणांना तेवढे चटकन वळता येत नाही, ते नाकाडावर येऊन आदळतात. पारा उणे पंधराच्या खाली असेल तर कोरडे हिम बहुतेक उडून जाते. खरा त्रास शून्याच्या आसपासच्या ओल्या, जड हिमाचा. ते चिकटते, थरावर थर चढतो आणि खोबणीत बसवलेल्या दिव्यांत तर लवकर साचते.

हॅलोजनच्या काळात हा प्रश्न बराचसा आपोआप सुटत असे. ५५ वॅटच्या बल्बमधली जेमतेम दहाव्या हिश्शाइतकी वीज उजेड होते, बाकीची उष्णता. त्या उष्णतेचा मोठा भाग किरणांच्या रूपाने उजेडाबरोबरच पुढे जाऊन काच तापवतो आणि हिम वितळते. अभियंते जिला नासाडी म्हणत आले, तीच उष्णता हिवाळ्यात हे काम बिनबोभाट करत होती.

मग काचेच्या जागी पॉलिकार्बोनेट आले. ते हलके आणि हव्या त्या आकारात घडणारे, पण उष्णता काचेपेक्षा बरीच कमी वाहून नेणारे आणि सहज चरे पडणारे. त्यावर रबराची पट्टी फिरवणे परवडेना. वायपर गेले, जोरदार फवारे राहिले. फवारा चिखलाला उत्तम, पण गोठलेल्या थरापुढे त्याचे फारसे चालत नाही. कधी तर त्याचे झाकणच गोठून बसते.

एलईडीने उरलेला आधारही काढून घेतला. एलईडी तापत नाही, हा गैरसमज आहे. ती तापते, पण तिची उष्णता पाठीमागच्या धातूच्या पात्यांत उतरते. एलईडीची चिप थंड राहावी म्हणून उष्णता तिकडे मुद्दामच वळवलेली असते. समोरचे आवरण थंडच राहते आणि त्यावर ओले हिम निवांत साचत जाते.

नियमही इथे फारसा कामी येत नाही. युरोपात लो बीमच्या प्रकाशस्रोताचा उजेड २००० ल्युमेनपेक्षा जास्त असेल तर दिवा धुण्याची यंत्रणा सक्तीची. ही अट मळक्या दिव्याचा उजेड विखरून समोरच्या चालकाचे डोळे दिपू नयेत म्हणून आली. त्यामुळे त्या मर्यादेच्या आत राहणाऱ्या दिव्यांना फवारा नसला तरी चालतो.

उपाय मात्र तयार आहेत. काही मोटारींत पंखा एलईडीमागची गरम हवा आवरणाकडे आणून सोडतो. ट्रक आणि बर्फ हटवणाऱ्या गाड्यांसाठी त्याहून थेट रचना मिळते. आवरणाला आतून बारीक तारांची जाळी लावलेली असते. थंडी ठरावीक पातळीखाली गेली की थर्मोस्टॅट वीज सोडतो, तारा तापतात, हिम सुटून खाली घसरते. थोडी वीज जाते, पण जुन्या बल्बकडून जे फुकट मिळत होते, ते आता मोजून द्यावे लागणारच. माझ्या मते थंड देशांत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक एलईडी हेडलाइटला अशी सोय असायला हवी.

टोरंटो, मिनियापोलिस किंवा स्टॉकहोमला राहणाऱ्या वाचकांना एक विनंती. गाडीची काच झाडता तेव्हा दिवेही झाडा. हिमवर्षावात लांबच्या प्रवासात मधेमधे सुरक्षित जागी थांबून उतरा आणि ते हाताने पुसा. उजेड इतका हळूहळू मंदावतो की बसल्या जागी ते लक्षात येत नाही. आणि एलईडी दिवे नव्याने बसवणार असाल, तर आवरण तापवण्याची सोय आहे का, हे विचारूनच घ्या.