लेखणीची उसंत

श्रावण सरत आला की मराठी लेखकाच्या मागे दिवाळी अंकांचा तगादा सुरू होतो. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढून जी प्रथा पाडली, तिचे मराठी कथाकवितेवर मोठे ऋण आहे. ते मान्य करूनही एक प्रश्न उरतो. वर्षाचे लेखन सहा-सात आठवड्यांत उरकण्याची जी सवय या प्रथेने लावली, ती लेखकाला मानवते काय? पूर्वी हा तगादा पोस्टकार्डावरून येई, आता तो भ्रमणध्वनीवरून येतो. पोस्टकार्डाला निदान रविवारची सुट्टी असे!

केवळ लेखणीवर पोट भरणारी माणसे मराठीत बोटांवर मोजण्याइतकीच. बाकीचे शिक्षक, कारकून, बँकेतील वा कचेरीतील नोकर. सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा एका बाजूला आणि अपुरी कथा दुसऱ्या बाजूला, अशा त्यांच्या रात्री जातात. चार रात्री जागून कथा पुरी होते, छापूनही येते. मात्र त्यानंतर कार्तिकापासून आषाढापर्यंत वही उघडली जात नाही. अशी काही वर्षे गेली की 'आताशा सुचत नाही' अशी कबुली ऐकू येते. वस्तुतः सुचणे आटलेले नसते, उपसा बेताबाहेर झालेला असतो. मोटेवर शेती करणाऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नसे. विहिरीचा तळ दिसू लागला की तो बैल सोडी आणि रात्रभर झऱ्याला भरू देई.

हरिभाऊ आपट्यांचे उदाहरण या संदर्भात मनाला चटका लावणारे आहे. १८९० साली त्यांनी 'करमणूक' साप्ताहिक सुरू केले, संपादन केले आणि त्यातून क्रमशः कादंबऱ्याही लिहिल्या. शिवाय आनंदाश्रमाची व्यवस्था आणि पुण्याच्या नगरपालिकेचे काम होतेच. 'पण लक्षात कोण घेतो' सारखी कादंबरी त्या धबडग्यातून निर्माण झाली, हे त्यांच्या प्रतिभेचे सामर्थ्य. पण 'आजच', 'मायेचा बाजार' यांसारख्या कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. त्याची कारणे अनेक असू शकतील. तथापि एवढी ओझी वाहणाऱ्या माणसाच्या वाट्याला थोडी उसंत आली असती, तर मराठी कादंबरीच्या पदरात आणखी काय पडले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

याच्या उलट अँथनी ट्रॉलप हा इंग्लंडच्या टपाल खात्यातील नोकर. नोकरीत असतानाच तो नामांकित कादंबरीकार झाला. पहाटे साडेपाचला तो मेजाशी बसे. वेळेवर उठवून कॉफी आणून देण्याबद्दल एका नोकराला तो वर्षाला पाच पौंड जादा देत असे. समोर घड्याळ ठेवून तो सुमारे तीन तास काम करी, त्यातला पहिला अर्धा तास आधी लिहिलेले वाचण्यात घालवी आणि मग दिवसभर टपाल खात्याची चाकरी. १८६७ साली नोकरी सोडेपर्यंत हा क्रम चालला. त्याच्या कादंबऱ्यांची संख्या सत्तेचाळीस भरते. त्याच्या मृत्यूनंतर, १८८३ साली, आत्मचरित्रातून हा हिशेब बाहेर आला तेव्हा रसिकांचा विरस झाला. प्रतिभा घड्याळाच्या काट्यावर चालते, हे त्यांना सहन झाले नाही. पाव तासाला अडीचशे शब्द हे त्याचे माप कोणी उचलू नये, हे खरेच. ध्यानात घेण्याजोगे आहे ते त्याचे थांबणे. तीन तासांनंतर तो उठत असे.

आपल्याकडे महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांचा संथपणा त्याहून भव्य. आरंभी ते शाळेत शिक्षक होते, पुढे मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करू लागले. 'व्यवहारमयूख' या ग्रंथाच्या संपादनाला धर्मशास्त्राच्या इतिहासाची एक प्रस्तावना जोडावी, एवढाच मूळ बेत. सामग्री वाढत गेली आणि प्रस्तावनेचा स्वतंत्र ग्रंथ झाला. पहिला खंड १९३० साली आला, दुसरा १९४१ साली, आणि पाचव्या खंडाचे अखेरचे पुष्ठ छापून झाले तेव्हा १९६२ साल उजाडले होते. त्या वेळी काणे ब्याऐंशी वर्षांचे होते. या बत्तीस वर्षांत वकिली झाली, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपदही झाले.

काव्याचा मामला थोडा निराळा आहे. अरुण कोलटकर जाहिरातीच्या धंद्यात नाव मिळवलेले चित्रकार. १९७७ साली 'अरुण कोलटकरच्या कविता' प्रसिद्ध झाल्यानंतर 'चिरीमिरी', 'भिजकी वही' हे संग्रह यायला पाव शतकाहून अधिक काळ लोटला. त्या काळात त्यांची लेखणी थांबली होती असे नव्हे, छापण्याची घाई नव्हती एवढेच.

यावर एक आक्षेप हमखास येईल. तगादा नसता तर पुष्कळसे लिहिलेच गेले नसते! आक्षेपात तथ्य आहे. दस्तयेवस्कीने १८६६ साली प्रकाशकाच्या जाचक कराराच्या धाकाने 'जुगारी' ही कादंबरी सव्वीस दिवसांत लघुलेखिकेला सांगून पुरी केली. मुदत चुकती तर पुढची नऊ वर्षे आपल्या लेखनावरचा हक्क गमावण्याची पाळी त्याच्यावर येणार होती. पण असे सव्वीस दिवस माणसाच्या आयुष्यात एखाद्या वेळी निभतात. दर आश्विनात ते निभावेत, अशी अपेक्षा शाळेची घंटा सांभाळणाऱ्या माणसाकडून करणे क्रूरपणाचे आहे.

तेव्हा मुदत नको असे नाही, ती लांबची हवी. संपादकांची पत्रे श्रावणाऐवजी फाल्गुनात निघाली तर अंकाच्या खर्चात एका पैचीही भर पडणार नाही. वार्षिक परीक्षेचे निकाल लागून शाळा बंद होतात, तेव्हा शिक्षकाच्या हाती सबंध मे महिना असतो. कचेरीतल्या माणसाला तेवढीही सुट्टी नसते; परंतु फाल्गुनापासून भाद्रपदापर्यंत रोज सकाळी अर्धे पान त्यालाही जमण्यासारखे आहे. आणि लिहिलेली कथा महिनाभर खणात पडू देऊन पुन्हा वाचण्याची सवड, जी आज जवळजवळ कोणालाच मिळत नाही, ती दोघांनाही मिळेल.