छोटी स्टेपनी कुठवर न्यायची?
गाडी आपली, रस्ता आपला : भाग ७

आखाजी आणि लग्नसराई बहुतेक एकाच वेळी येतात, आणि त्याच वेळी जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ वर चढतो. लेकी माहेरी निघतात, वऱ्हाडं निघतात. पाच जणांच्या गाडीत सात जण बसतात, डिकीत पापड-कुरडयांचे डबे आणि आहेराच्या पिशव्या कोंबल्या जातात. या सगळ्या सामानाखाली, डिकीच्या अगदी तळाशी, स्टेपनी असते. गाडी घेतल्यापासून ती एकदाही बाहेर न काढलेली माणसं मला भरपूर भेटतात. मागच्या भागात आपण घाटातले ब्रेक पाहिले. या वेळी टायर, आणि विशेषतः नव्या गाड्यांसोबत येणारी बारकी स्टेपनी.

आधी उन्हाबद्दल. ‘उन्हाळ्यात हवा कमी ठेवा, नाहीतर टायर फुटेल’ हा सल्ला आपल्याकडे फार पसरलेला आहे, आणि तो धोक्याचा आहे. हवा तापली की दाब वाढतो, हे खरं. साधारण १० अंशांमागे दीड पीएसआय. सकाळी थंड टायरमध्ये ३३ भरलेली हवा भर दुपारी पारोळा गाठेपर्यंत ३८ दाखवू शकते. पण टायर बनवणाऱ्यांनी ही वाढ आधीच धरलेली असते. टायर फुटतो तो बहुतेक वेळा कमी हवेने. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते आणि पुन्हा सरळ होते. त्या दबण्यातून उष्णता तयार होते. वरून ऊन, खालून साठीच्या घरात तापलेलं डांबर, आत सात माणसांचं ओझं. रबर आणि आतले धागे एकमेकांना सोडू लागतात आणि टायर फाटतो. म्हणून हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी तपासायची, चालकाच्या दाराशी लावलेल्या पट्टीवर लिहिली असेल तितकीच भरायची, आणि गाडी भरलेली असेल तर त्याच पट्टीवरचा भरलेल्या गाडीचा आकडा पाहायचा. तापलेल्या टायरमधली हवा काढायची नाही. घासून गोटा झालेला टायर तर या दिवसांत घराबाहेरच काढू नये. खाचांची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की तो कायद्यानेही बाद आहे.

आता समजा, एरंडोलच्या अलीकडे गाडी एका बाजूला ओढू लागली, स्टिअरिंग जड झालं आणि मागून कुणीतरी हात करून चाक दाखवलं. जोरात ब्रेक दाबू नका. स्टिअरिंग घट्ट धरा, पाय ॲक्सिलरेटरवरून काढा, वेग आपोआप उतरू द्या आणि डावीकडे घ्या. ‘थोडं पुढे नेऊ, ढाब्यापाशी थांबू’ हा मोह फार महाग पडतो. बसलेल्या टायरवर गाडी चालली की डिस्कची कड टायरची बाजू आतून चिरडते. नंतर पंक्चरवाल्याने टायर उघडला की आत काळा भुगा सापडतो. मग खिळ्याचं भोक लहान असलं तरी तो टायर गेलाच. एवढंच पाहा, की थांबलेली जागा वळणावर किंवा पुलावर नसावी. तिथे असाल तर टायर गमावला तरी चालेल, हळूहळू पुढची सरळ, रुंद जागा गाठा.

महामार्ग ५३ चौपदरी झाल्यापासून वाहनांचा वेग वाढला आहे. पूर्वी साइडपट्टीवर गाडी उभी करून निवांत चाक बदलणारी माणसं दिसत. आता मागून ट्रक शंभराच्या जवळ येतो. म्हणून आधी चारही इंडिकेटर लावा, सगळ्यांना डाव्या दारांनी उतरवून रस्त्यापासून लांब, कठड्यापलीकडे उभं करा. बाई-माणसं आणि मुलं ‘ऊन आहे’ म्हणून गाडीत बसून राहतात. तसं बसू देऊ नका. डिकीतला लाल त्रिकोण गाडीच्या मागे निदान पन्नास पावलांवर ठेवा. जागा धोक्याची वाटली, चाक उजव्या बाजूचं असलं, किंवा अंधार पडला असेल, तर स्वतः चाक बदलायला जाऊ नका. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा क्रमांक चोवीस तास चालतो, आणि संकट असेल तर ११२. एकट्या चालवणाऱ्या बाईने हे दोन क्रमांक फोनमध्ये आधीच टाकून ठेवावेत. खान्देशात ‘काय व्हयनं भाऊ?’ म्हणत कुणीतरी थांबतंच, आणि ही आपल्या भागाची मोठी पुण्याई आहे. पण रहदारीपासून वाचण्याची तजवीज आपण आधी करायची.

चाक बदलताना लोक चुकतात ते दोन-तीन ठिकाणीच. पहिलं, जॅक लावण्याआधी नट सैल करायचे, चाक जमिनीवर टेकलेलं असताना, अर्धा फेरा. गाडी उचलल्यावर पाना ओढला तर गाडी जॅकवरून घसरते. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि बदलायच्या चाकाच्या तिरक्या समोरच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड लावा. दुसरं, जॅक कुठे टेकतो ते. दाराखालच्या पत्र्यावर त्यासाठी दोन खाचा असतात, त्यांच्या मधोमधच जॅक लागला पाहिजे. आणि तिसरं खास आपल्या भागाचं. तापीकाठची काळी माती वरून कोरडी दिसते, पण पावसाळ्यात जॅकचा तळ तिच्यात सरळ रुततो, आणि उन्हाळ्यात भेगाळलेल्या कडेवर तो कलतो. डिकीत एक फूटभर लांब, जाड लाकडी फळी ठेवा. तिची किंमत काहीच नाही, आणि मी तरी तिच्याशिवाय गावाबाहेर पडत नाही. गाडी वर असताना खाली हात-डोकं घालायचं नाही. काढलेलं चाक गाडीखाली आडवं सारून ठेवा. जॅक घसरलाच तर गाडी त्याच्यावर टेकेल.

नट आवळताना गोल फिरत आवळू नका, समोरासमोरचे आवळत जा. गाडी खाली घेतल्यावर शेवटचा ताण द्या. पान्यावर उभं राहून उड्या मारायची गरज नाही, हाताचा पूर्ण जोर पुरतो. ५०-१०० किलोमीटरच्या आत ते नट पुन्हा एकदा तपासून घ्या. चाक नीट बसताना ते थोडे सैल होतात.

आता मुख्य मुद्दा. जुन्या गाड्यांमध्ये पाचवं चाक बाकी चारांसारखंच असायचं. पंक्चर झालं की ते लावायचं आणि विसरून जायचं. ती सवय आपल्या हाडात बसली आहे, पण गाडी बदलली आहे. जागा, वजन आणि पैसा वाचवायला आता बऱ्याच गाड्यांना अरुंद टायर आणि लोखंडी डिस्कची स्टेपनी मिळते. तिच्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा ठळक छापलेली असते. ती का, हे हिशोबाने पाहू. गाडीचे टायर २१५/६० आर १६ असतील आणि स्टेपनी १९५/६० आर १६, तर पहिल्याचा व्यास साधारण ६६४ मिलिमीटर भरतो आणि दुसऱ्याचा ६४०. फरक अडीच सेंटिमीटरचाही नाही. पण मोठं चाक एका किलोमीटरला ४७९ फेरे घेतं आणि बारकं ४९७. म्हणजे दर किलोमीटरला १८ फेरे जास्त. एरंडोल ते जळगाव या २८ किलोमीटरमध्ये बारकं चाक आपल्या जोडीदारापेक्षा ५०० फेरे जास्त फिरतं. बारकी स्टेपनी इंजिन ज्या चाकांना फिरवतं त्यांच्यात असेल, तर हा सगळा फरक डिफरन्शियलला (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरना) सतत सोसावा लागतो, तोही सरळ रस्त्यावर, जिथे एरवी त्याला जवळपास काम नसतं. ब्रेकची एबीएस यंत्रणा चाकांचे वेग एकमेकांशी ताडून पाहते, तिलाही हे चाक वेगळं वाटतं. शिवाय रुंदी कमी म्हणून पकड कमी. ब्रेकला गाडी उशिरा थांबते, ओल्या रस्त्यावर तर आणखीच.

आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांची पुढची चाकं ओढतात. पुढचं चाक पंक्चर झालं आणि स्टेपनी व्यासाने लहान असेल, तर शुद्ध उपाय असा की मागचं चांगलं चाक पुढे घ्यायचं आणि स्टेपनी मागे लावायची. ४४ अंशांत दोनदा जॅक लावणं जिवावर येतं, हे मान्य. पंक्चरचं दुकान चार-पाच किलोमीटरवर असेल तर मी हळू जाऊन दुकानातच अदलाबदल करून घेईन. चाळीसगावहून कन्नड घाट चढायचा असेल किंवा कोंडाईबारी उतरायची असेल, तर मात्र आधी चाकं बदलायची आणि मगच घाटाला लागायचं. गाडीच्या पुस्तिकेत वेगळं सांगितलं असेल तर तेच पाळा.

या स्टेपनीची हवाही वेगळी असू शकते. काही अगदी बारक्या, तात्पुरत्या चाकांना ६० पीएसआय लागतो, म्हणजे नेहमीच्या जवळपास दुप्पट. आकडा टायरच्या बाजूवर किंवा दारावरच्या पट्टीवर असतो. पंपावरच्या पोराला नुसतं ‘स्टेपनीत हवा टाक’ म्हटलं तर तो इतर चाकांइतकीच टाकेल. आकडा तुम्ही सांगायचा.

काही नव्या गाड्यांना स्टेपनी नसतेच. केंद्र सरकारने २०२० मध्ये नियम बदलला. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असेल तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला स्टेपनी सक्तीची नाही. त्या संचातला द्रव खिळ्याचं भोक बुजवतो, पण दगडाने कापलेली बाजू त्याला बुजवता येत नाही. शहरात हे चालून जातं. जळगाव–अजिंठा रस्त्यावर किंवा साक्रीच्या पुढे जाणाऱ्याने निवड असेल तर स्टेपनीची गाडी घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. सीएनजीची टाकी बसवताना स्टेपनी काढून घरच्या माळ्यावर टाकणारे तर स्वतःहून अडचण ओढवून घेतात.

पंक्चरवाल्याकडे पोचलात की बाहेरून खुपसलेली वात तात्पुरती समजा. टायर डिस्कवरून उतरवून आतून लावलेला पॅच टिकतो. भोक टायरच्या बाजूला असेल तर पॅचही मागू नका, टायर बदला. आणि दुरुस्त झालेलं चाक त्याच दिवशी जागेवर लावा. बारकी स्टेपनी लावून लग्नाला जाऊन येऊ, उद्या बघू, असं करू नका. धुळे ते जळगाव नव्वदच्या वर किलोमीटर आहेत, आणि वाटेत फागणे, पारोळा, एरंडोल, पाळधी अशी गावं आहेत. पुढच्या गावात थांबायचं.

आखाजीला निघण्याआधी एकदा डिकी पूर्ण रिकामी करा. स्टेपनी उचलून पाहा, तिच्यावरचे आकडे वाचा, हवा भरून घ्या, जॅक आणि पाना दोन्ही आहेत ना ते बघा, आणि घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याकडून, सुनेकडून आणि लेकीकडूनही, अंगणात एकदा चाक बदलून घ्या. पुढच्या आठवड्यात : उन्हाळ्यात बॅटरी का दगा देते.