इतिहासातला नायक आपलासा का वाटतो?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

ऐतिहासिक कादंबरी हाती घेणाऱ्या वाचकाला गोष्टीचा शेवट बहुधा आधीच ठाऊक असतो. माधवराव पेशवे अवघे २७ वर्षांचे असताना, १७७२ साली, थेऊरला क्षयाने गेले हे आपण शाळेतच शिकलेलो असतो. तरीही रणजित देसाई यांची ‘स्वामी’ वाचताना शेवटची प्रकरणे जवळ येऊ लागली की वाचनाचा वेग मंदावतो. हा माणूस आणखी थोडा जगावा असे वाटू लागते. ‘स्वामी’ १९६२ साली प्रसिद्ध झाली. तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९८०च्या दशकात दूरदर्शनवर तिची मालिका झाली, आणि आजही ती वाचली जाते. अडीचशे वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या माणसाविषयी असा जिव्हाळा वाटावा, असे लेखक नेमके करतो तरी काय?

पहिले उत्तर चटकन येते. नायक शूर असतो, देखणा असतो, म्हणून तो आवडतो. पण शूर आणि देखणे नायक आपल्याकडे पुष्कळ झाले. आपल्या सुरुवातीच्या अद्भुतरम्य कादंबऱ्या अशा राजबिंड्या तरुणांनी भरलेल्या आहेत. तलवारीच्या एका फटक्यात दहा शत्रू लोळवणारा, संकटात सापडलेल्या नायिकेला ऐन वेळी सोडवणारा असा तो नायक. त्यांतले किती जण आज आपल्याला नावानिशी आठवतात? पराक्रमाचे कौतुक वाटते हे खरे, पण कौतुक म्हणजे लोभ नव्हे. किल्ल्यावरच्या तोफेचेही आपल्याला कौतुक वाटतेच.

आपल्या जुन्या नाट्यशास्त्रकारांनी नायकाचे चार प्रकार सांगितले आहेत: धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत आणि धीरोद्धत. उदात्त राजा वेगळा, कलासक्त राजा वेगळा, शांत गृहस्थ वेगळा, उग्र योद्धा वेगळा. पण चौघांच्याही नावात एक शब्द समान आहे, तो म्हणजे ‘धीर’. शौर्य, रूप, कुळ हे सारे पुढचे. आधी धीर हवा. आता धीर कशात दिसतो? माणूस अडचणीत सापडल्याशिवाय तो दिसत नाही. माझ्या मते नायक लोभस होण्याचे मर्म इथेच आहे. त्याच्या काळाने त्याला कोणत्या पेचात अडकवले आहे आणि त्या पेचात तो कसा वागतो, हे लेखकाने नीट दाखवले की वाचक त्या नायकाचा होतो.

ही गोष्ट युरोपात सर वॉल्टर स्कॉटने फार लवकर ओळखली. १८१४ साली त्याची ‘वेव्हर्ली’ आली. १७४५ सालच्या स्कॉटलंडमधल्या बंडाची ही कथा. बंडाचा नेता असलेला राजपुत्र तिच्यात आहे, पण तो नायक नाही. नायक आहे एक साधा, पुस्तकवेडा इंग्रज तरुण. तो दोन्ही पक्षांमध्ये हेलकावे खातो. इतिहासातली थोर माणसे मागे ठेवून एक मध्यम कुवतीचा, काल्पनिक माणूस पुढे आणायचा, ही युक्ती पुढे अनेकांनी उचलली. तिचा फायदा उघड आहे. काल्पनिक माणसाला हवे तिच्यावर प्रेम करता येते, हवे तेव्हा चुकता येते. बखर आडवी येत नाही.

मराठीत १८७१ साली रामचंद्र भिकाजी गुंजीकरांच्या ‘मोचनगड’ने ऐतिहासिक कादंबरीचा पाया घातला आणि हरिभाऊ आपट्यांनी तिला भरदार रूप दिले. हरिभाऊंच्या ‘उषःकाल’मध्ये शिवाजी महाराज आहेत, पण वाचकाचे मन गुंतते ते एका किल्लेदाराच्या घरात. बाप बादशहाच्या मिठाला जागणारा, मुलाला स्वराज्याची ओढ. दोघेही आपापल्या जागी खरे. हा पेच तलवारीने सुटणारा नाही, आणि म्हणूनच त्या घरात काय होते हे जाणून घ्यावेसे वाटते.

१९६०नंतर आपल्या कादंबरीकारांनी मात्र अवघड वाट धरली. त्यांनी खुद्द इतिहासपुरुषालाच मध्यभागी आणले. इथे लेखकाचे हात बांधलेले असतात. नायकाची बायको ठरलेली, शत्रू ठरलेले, मरणाची तिथीसुद्धा ठरलेली. मग उरते काय? उरतो तो पेच आणि नायकाचे मन.

माधवरावांचेच पाहा. १७६१ साली पानिपतावर एक पिढी कापली गेली. वडील नानासाहेब त्याच वर्षी गेले. सोळा वर्षांच्या मुलाच्या अंगावर पेशवाईची वस्त्रे आली आणि त्यांबरोबर कर्जाचा डोंगरही आला. राज्यात सगळ्यांत अनुभवी सरदार म्हणजे सख्खे काका, राघोबादादा. आणि सगळ्यांत मोठा धोकाही तेच. वडीलधाऱ्यांपुढे मान वर करायची नाही हा त्या काळचा धर्म, तर राज्य राखायचे हा पेशव्याचा धर्म. १७६२ साली आळेगावला पुतण्याने काकांपुढे शरणागती पत्करली, कारण घरातले भांडण वाढले तर निजामाचे फावणार होते. पुढच्याच वर्षी राक्षसभुवनला निजामाचा पराभव झाला. आणि १७६८ साली धोडपच्या लढाईनंतर याच पुतण्याने काकांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. आधी नमते घेणे आणि मग कठोर होणे, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने केल्या. मधल्या सहा वर्षांत त्याच्या मनात काय चालले असेल? बखरी तिथे फारसे बोलत नाहीत. कादंबरीकाराला बसायला तीच जागा मिळते.

दुसरी गोष्ट अशी, की नायक कुठेतरी नुसता माणूस असला पाहिजे. दरबारात तो श्रीमंत पेशवा. पण एखादे दालन असे हवे, जिथे पगडी उतरवून ठेवता येते. ‘स्वामी’त ही जागा रमाबाईंची आहे. ऐतिहासिक कागदपत्रांत रमाबाईंविषयी फार थोडे सापडते. देसायांनी त्या रिकाम्या जागेत संसार उभा केला. पण तो उभा करताना त्यांनी त्या काळाचा संकोच सोडला नाही. नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही, वडीलधाऱ्यांसमोर बोलायचे नाही, एकमेकांकडे पाहायचेसुद्धा चोरून. आजच्या लेखकाला वाटेल की अशा बंधनांत प्रेम रंगवायचे कसे? खरे म्हणजे ते बंधनांमुळेच रंगते. सगळे बोलून टाकता येत नाही म्हणून एखादा विडा, एखादे अर्धवट वाक्य, दाराशी क्षणभर थांबलेले पाऊल यांना वजन येते.

हे फक्त आपल्याकडचे नाही. इंग्रजीत ऐतिहासिक प्रेमकादंबरी लोकप्रिय करणाऱ्या जॉर्जेट हेयर या बाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या लंडनवर ढीगभर कादंबऱ्या लिहिल्या. त्या समाजात एकदा वाङ्‌निश्चय झाला की पुरुषाला तो मोडता येत नसे. मोडला तर अब्रू जाई. ‘द ग्रँड सोफी’ या १९५०च्या कादंबरीतला नायक अशाच एका चुकीच्या वाङ्‌निश्चयात अडकलेला आहे. त्याचे मन दुसरीकडे आहे आणि तोंडाला कुलूप आहे. आणखी गंमत १९५३च्या ‘कटिलियन’मध्ये आहे. तिथे एक अत्यंत देखणा, बेदरकार तरुण आहे आणि वाचकाला वाटते की हाच नायक. पण शेवटी नायिका निवडते फ्रेडी नावाच्या साध्यासुध्या तरुणाला. तो फारसा हुशार समजला जात नाही. पण कुणाला अवघडल्यासारखे होऊ न देता अडचण कशी निस्तरायची, हे त्याला बरोबर कळते. देखणेपणावर दयाळू व्यवहारज्ञानाने मात केली, आणि वाचक खूश झाले. तिथेही पुन्हा प्रश्न तोच: वेळ आली तेव्हा कोण कसा वागला?

तिसरी गोष्ट नायकाच्या दोषांची. निर्दोष माणसाचा फोटो भिंतीवर लावता येतो, त्याची कादंबरी होत नाही. ना. सं. इनामदारांनी मुद्दाम अशी माणसे निवडली, ज्यांना इतिहासाने दोष दिला होता: ‘झेप’मध्ये त्रिंबकजी डेंगळे, ‘मंत्रावेगळा’मध्ये दुसरा बाजीराव. त्यांच्या ‘राऊ’चा नायक पहिला बाजीराव. १७२० ते १७४० अशी वीस वर्षे हा पुरुष रणांगणावर अजिंक्य राहिला. पण मस्तानीला त्याला स्वतःच्या घरात मानाची जागा मिळवून देता आली नाही. मैदान जिंकणारा माणूस माजघरात हरला. आणि त्या प्रेमाची किंमत एकट्या त्यानेच मोजली नाही. काशीबाईंनीही ती मोजली. काशीबाईंचे दुःख झाकून बाजीरावाला मोठा केला असता, तर तो खोटा वाटला असता. नायकामुळे कुणाला जखम झाली हे ज्या लेखकाला दिसते, त्याच्याच नायकावर आपण विश्वास ठेवतो.

दोष असलेला माणूस ऐकून घेणारा असला की तो अधिकच जवळचा वाटतो. माधवराव जपजाप्यात फार वेळ घालवू लागले, तेव्हा रामशास्त्री प्रभुणे यांनी त्यांना स्पष्ट सुनावले, की हेच करायचे असेल तर राज्य सोडून गंगाकाठी जावे. ही आख्यायिका आपण ऐकलेली असते. पेशव्याने रागावण्याऐवजी ते ऐकले, एवढीच ती गोष्ट. पण दहा लढायांच्या वर्णनांनी होत नाही ते या एका प्रसंगाने होते.

आता सगळ्यांत नाजूक मुद्दा. नायक आवडावा म्हणून त्याला आजचे मन द्यायचे का? हा मोह हल्ली फार दिसतो. अठराव्या शतकातला सरदार आजच्या सुधारकासारखा बोलू लागतो, आणि वाचकाला बरे वाटते. पण मग त्याच्यापुढचा पेचच नाहीसा होतो. ज्याला काळाची बंधने जाणवतच नाहीत, त्याचा धीर तरी कशात दिसणार?

याच्या उलट बाजूलाही एक धोका आहे, आणि तो मला अधिक मोठा वाटतो. माधवरावांबरोबर रमाबाई सती गेल्या. हा इतिहास आहे. लेखकाला तो बदलता येत नाही, आणि बदलूही नये. पण आपण नायकावर इतके प्रेम करू लागलेलो असतो की त्याच्या चितेवरचा तो दुसरा मृत्यूही आपल्याला सुंदर वाटू लागतो. एक तरुण स्त्री जिवंत जळाली, ही गोष्ट त्या करुण, मंगल वातावरणात झाकली जाते. सतीबंदीचा कायदा १८२९ साली झाला. तरीही १९८७ साली राजस्थानात देवराला इथे रूपकुंवर चितेवर गेली, आणि सरकारला पुन्हा नवा कायदा करावा लागला. म्हणजे हा प्रश्न फक्त कादंबरीतला नाही. नायकाची मोहिनी त्याच्या काळातल्या रूढींनाही आपसूक झळाळी देते. थेऊरच्या त्या प्रसंगाने डोळे भरून आले तर त्यात लाजण्यासारखे काही नाही; पण त्याच वेळी मनात काही टोचलेही पाहिजे. वाचकाला माणसावर प्रेम करू द्यायचे, पण रूढीच्या प्रेमात पडू द्यायचे नाही, ही लेखकाची खरी कसोटी आहे.

आणखी एक जबाबदारी त्याच्यावर असते. आवडता नायक हळूहळू इतिहासाची जागा घेतो. माधवराव-रमाबाईंविषयी आपल्याला जे ‘माहीत’ आहे, त्यातले कितीतरी कादंबरीने दिलेले आहे. ‘राऊ’वर आधारलेला ‘बाजीराव मस्तानी’ हा हिंदी चित्रपट २०१५ साली आला, तेव्हा काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचतात या दृश्यावरून महाराष्ट्रात वाद उठला. कल्पना किती लढवावी याचा नियम मला तरी साधा वाटतो. कागद जिथे गप्प आहेत तिथे लेखकाने बोलावे; कागद जिथे बोलतात तिथे त्याने त्यांना खोटे पाडू नये.

ज्यांना असे काही लिहायचे आहे त्यांनी नायकाच्या भुवया आणि बाहू यांचे वर्णन खुशाल करावे, पण त्याआधी एका कागदावर तीन ओळी लिहाव्यात: याला काय हवे आहे, ते याचा काळ याला का मिळू देत नाही, आणि याच्या वागण्याची झळ कुणाला लागते. या तीन ओळी नीट लिहिता आल्या, तर पुढची तीनशे पाने लिहिण्याजोगी आहेत. आणि ज्यांना फक्त वाचायचे आहे त्यांनीही आवडत्या नायकाची गोष्ट मिटताना तिसऱ्या ओळीची आठवण ठेवावी. काशीबाई आणि रमाबाई त्याच ओळीत उभ्या आहेत.