एस कॉर्पोरेशन : किरकोळ दुकानाचा करदर्जा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत लहान कंपनीस निवडता येणारा एक करदर्जा. तो स्वीकारल्यास कंपनीवर सामान्यतः संघीय प्राप्तिकर आकारला जात नाही. तिचा नफातोटा भागधारकांच्या वैयक्तिक उत्पन्नात त्यांच्या भागांच्या प्रमाणात धरला जातो. अंतर्गत महसूल संहितेच्या ‘एस’ या उपप्रकरणावरून हे नाव पडले. हा व्यवसायसंघटनेचा स्वतंत्र प्रकार नव्हे. कंपनी किंवा ‘एलएलसी’ म्हणून ओळखली जाणारी मर्यादित दायित्व कंपनी घटक राज्याच्या कायद्यानुसार स्थापन होते आणि धंद्याच्या देण्यांपासून मालकाच्या घरादारास मिळणारे संरक्षण त्या स्थापनेतून येते. एस दर्जामुळे त्यात काडीचीही भर पडत नाही. तथापि दुकानदारांत या दोन गोष्टींची गल्लत वारंवार झालेली दिसते.

सर्वसाधारण कंपनीच्या नफ्यावर दोनदा कर बसतो. प्रथम कंपनीवर (२०१८ पासून २१ टक्के) व नंतर लाभांश वाटल्यावर भागधारकावर. एकल मालकी व भागीदारी यांत कर एकदाच बसतो, पण दायित्व अमर्याद असते. ही अडचण दूर करण्यासाठी आयझनहौअर यांच्या कारकीर्दीत १९५८ मध्ये काँग्रेसने हे उपप्रकरण संहितेत घातले. त्यावेळी भागधारकांची कमाल संख्या १० होती. ती १९८२ च्या व्यापक सुधारणेने ३५, १९९६ मध्ये ७५ व २००४ मध्ये १०० झाली. एका कुटुंबातील व्यक्ती आता एकच भागधारक म्हणून मोजता येतात. भारतात कंपनीस असा पर्याय नाही. तेथे कंपनी स्वतंत्रपणे कर भरते आणि १ एप्रिल २०२० पासून लाभांशावरील कर भागधारकाच्या हाती आकारला जातो.

पात्रतेच्या अटी कडक आहेत. कंपनी अमेरिकेत स्थापन झालेली असावी लागते व तिचे भाग एकाच वर्गाचे असावे लागतात. मताधिकारात फरक चालतो, नफ्याच्या हक्कात चालत नाही. त्यामुळे एका भावाचे भांडवल व दुसऱ्याचे कष्ट यांचा मेळ घालून नफ्याची वेगळी वाटणी करण्याची जी मोकळीक भागीदारीत असते, ती येथे नाही. दुसरी कंपनी किंवा भागीदारी संस्था भागधारक होऊ शकत नाही. अनिवासी परकीय व्यक्तीलाही थेट भाग धारण करता येत नाहीत. न्यू जर्सीसारख्या राज्यांत किराणा, कापड वा दागिन्यांची दुकाने चालविणाऱ्या मराठी व इतर भारतीय कुटुंबांस ही अट विशेष जाचक ठरते. पुण्यातील भावाने मायेपोटी भांडवल दिले आणि त्याच्या नावे दोन भाग केले, तर त्या दिवसापासून सबंध कंपनीचा दर्जा संपतो. भागधारक कायमचा भारतात परतून करदृष्ट्या अनिवासी झाला, तरीही परिणाम तोच. अशा नातेवाइकाकडून साधे, ठरावीक व्याजाचे लेखी कर्ज घेणे अधिक सुरक्षित असते.

दर्जा मागण्यासाठी अंतर्गत महसूल सेवेकडे २५५३ क्रमांकाचा अर्ज करवर्षाच्या आरंभापासून दोन महिने व १५ दिवसांच्या आत, म्हणजे सामान्यतः १५ मार्चपर्यंत, द्यावा लागतो. त्यावर सर्व भागधारकांची संमती आवश्यक असते. कॅलिफोर्निया किंवा टेक्सस यांसारख्या, पतिपत्नींची मालमत्ता सामाईक मानणाऱ्या राज्यांत पतीची वा पत्नीचीही सही लागते.

किरकोळ दुकानदारास या दर्जाचे आकर्षण वाटते, ते मुख्यत्वे सामाजिक विम्याच्या करामुळे. एकल मालकास धंद्याच्या जवळजवळ सर्व निव्वळ नफ्यावर (नेमके म्हणजे ९२.३५ टक्क्यांवर) १५.३ टक्के स्वयंरोजगार कर द्यावा लागतो, त्यांपैकी १२.४ टक्के निवृत्तिवेतन योजनेसाठी, एका वार्षिक उत्पन्नमर्यादेपर्यंत, व २.९ टक्के वृद्धांच्या वैद्यकीय विम्यासाठी असतात. एस दर्जाच्या कंपनीत मात्र मालक तिचाच नोकर ठरतो. हा कर त्याच्या पगारावर बसतो, उरलेल्या नफ्यावर बसत नाही. उदा., ९०,००० डॉलर निव्वळ नफ्याच्या दुकानाचा एकल मालक सु. १२,७१७ डॉलर स्वयंरोजगार कर देईल. तेच दुकान एस दर्जा घेऊन मालकास ५०,००० डॉलर पगार देत असेल, तर कंपनी व मालक मिळून ७,६५० डॉलर भरतील. वरवर पाहता ५,०६७ डॉलर वाचतात.

परंतु पगार किती असावा, हे मालकाच्या मर्जीवर नाही. तो केलेल्या कामाच्या मानाने ‘वाजवी’ असावा, असा दंडक आहे. पगाराऐवजी लाभांश म्हणून दिलेली रक्कम पगारच मानली जाईल, असे महसूल सेवेने १९७४ मध्येच स्पष्ट केले होते. आयोवा राज्यातील एका लेखापालाने स्वतःस वार्षिक २४,००० डॉलर पगार घेऊन बाकीची मोठी रक्कम नफा म्हणून उचलली. न्यायालयाने त्याचा वाजवी पगार ९१,०४४ डॉलर ठरविला आणि आठव्या मंडल अपील न्यायालयाने २०१२ मध्ये तो निर्णय कायम केला. दुकानाच्या बाबतीत खरा प्रश्न असा, की नफ्यापैकी किती भाग मालकाच्या श्रमाचा आणि किती भाग भांडवलाचा, मालाचा व इतर नोकरांच्या कामाचा. सकाळी कुलूप उघडण्यापासून रात्री गल्ला मोजण्यापर्यंत जो स्वतः उभा राहतो आणि वर्षाकाठी ४०,००० डॉलर मिळवितो, त्याचा ‘नफा’ ही वस्तुतः त्याची मजुरीच असते. तेवढ्या पगारावर व्यवस्थापक मिळत असेल, तर वाटण्याजोगा नफा उरतच नाही आणि एस दर्जाने काहीही साधत नाही. चार नोकर, भरलेली मांडणी व जमलेले गिऱ्हाईक असलेल्या दुकानाची गोष्ट वेगळी.

वाचलेल्या रकमेतूनही बरेच झिरपून जाते. कंपनीचे स्वतंत्र विवरणपत्र, पगारपत्रक, तिमाही भरणे, बेकारी विम्याचा कर व लेखापालाचे शुल्क हे खर्च नव्याने येतात. विवरणपत्रास उशीर झाल्यास कर देय नसतानाही दर भागधारकामागे दरमहा दंड बसतो. धंद्याच्या पात्र उत्पन्नावर २०१८ पासून मिळणारी व २०२५ च्या कायद्याने कायम केलेली २० टक्क्यांपर्यंतची वजावट मालकाच्या पगारास लागू नाही. वरील उदाहरणात तिचा पाया सु. ८३,६०० डॉलरवरून सु. ३६,२०० वर येतो. शिवाय कमी पगारावर कमी अंशदान झाल्याने म्हातारपणीचे निवृत्तिवेतनही घटू शकते. या शेवटच्या बाबीकडे करसल्लागारही पुष्कळदा दुर्लक्ष करतात.

किरकोळ व्यापाराचे वैशिष्ट्य म्हणजे नफा मालात अडकून पडणे. भागधारकावर कर बसतो तो कंपनीच्या नफ्यातील त्याच्या वाट्यावर; ती रक्कम हाती आली की नाही, हे पाहिले जात नाही. वर्षाचा नफा नाताळच्या हंगामासाठी माल भरण्यात गेला, तर न विकलेल्या मालाची किंमत सामान्यतः खर्चात धरता येत नाही आणि कर मात्र खिशातून द्यावा लागतो. अल्प भाग असलेल्या भागधारकाची यात विशेष कुचंबणा होते, कारण नफा वाटावयाचा की नाही हे बहुमत ठरविते. निदान करापुरती रक्कम दरवर्षी वाटलीच पाहिजे, असे कलम भागधारकांच्या करारात घालण्याची प्रथा यातूनच पडली.

नव्या दुकानास सुरुवातीची एकदोन वर्षे तोटा येणे स्वाभाविक असते. हा तोटा भागधारकास इतर उत्पन्नातून वजा करता येतो, पण त्याने गुंतविलेल्या भांडवलापुरता व कंपनीस स्वतः दिलेल्या कर्जापुरताच. बँकेने कंपनीस दिलेले कर्ज त्यात धरत नाहीत, जरी त्यास भागधारकाने वैयक्तिक हमी दिली असली तरी. उदा., भांडवल २०,००० डॉलर, मालकाच्या हमीवर कंपनीने काढलेले बँककर्ज ८०,००० डॉलर व तोटा ३५,००० डॉलर असेल, तर त्या वर्षी २०,००० डॉलरच वजा होतात. बाकीचा तोटा पुढे ओढावा लागतो. भागीदारीत कर्जातील वाटाही जमेस धरला जातो. म्हणून प्रथम एलएलसी म्हणून चालवून नफा स्थिरावल्यावर एस दर्जा घेणे पुष्कळांना सोयीचे जाते. दुकानाची इमारत मात्र कंपनीच्या नावे नसावी. पुढे ती भागधारकाकडे वळविताना बाजारभावाने विकली असे समजून वाढीव मूल्यावर कर आकारला जातो. इमारत वेगळी ठेवून कंपनीस भाड्याने देणे, हा यावरचा रूढ मार्ग होय.

राज्याराज्यांतील नियम भिन्न आहेत. कॅलिफोर्निया अशा कंपनीच्या नफ्यावर १.५ टक्के, सामान्यतः किमान ८०० डॉलर, कर घेते. न्यूयॉर्क राज्यात वेगळा अर्ज करावा लागतो आणि न्यूयॉर्क शहर हा दर्जा मुळी मानतच नाही.

निम्म्याहून अधिक भाग धारण करणाऱ्यांच्या संमतीने दर्जा सोडता येतो. तो सोडल्यावर किंवा अटींच्या भंगामुळे गेल्यावर महसूल सेवेच्या संमतीवाचून पाच वर्षे पुन्हा मागता येत नाही. भंग अनवधानाने झाला असल्यास व तो त्वरित दुरुस्त केल्यास महसूल सेवा दर्जा चालू ठेवू शकते. [⟶ प्राप्तिकर].