कुटुंबाचा प्रकार आणि माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांची प्रगती

माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांच्या यशापयशाची कारणमीमांसा करताना कौटुंबिक रचनेकडे संशोधकाचे लक्ष साहजिकच वळते. प्रश्नावलीत 'एकत्र' आणि 'विभक्त' असे दोन रकाने आखले जातात, विद्यार्थी त्यांपैकी एकात खूण करतो आणि दोन्ही गटांच्या गुणांची तुलना करून निष्कर्ष मांडला जातो. अशा अभ्यासांचे निष्कर्ष एकमुखी नसतात. याचे एक कारण गुणांच्या मोजणीत नसून मूळ संज्ञांतच आहे.

डॉ. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये एकत्र कुटुंबाची जी व्याख्या केली तीत एक छप्पर, एक चूल, समाईक मालमत्ता, समाईक देवकार्य आणि रक्ताचे वा विवाहाचे नाते ही लक्षणे एकत्र गुंफली आहेत. व्यवहारात मात्र ती नेहमी एकत्र आढळत नाहीत. चूल वेगळी झाली तरी जमीन समाईक राहते. बिऱ्हाड शहरात हलले तरी कुलाचार गावच्या घरीच होतो. सौराष्ट्रातील महुवा येथील कुटुंबांचा अभ्यास करून आय. पी. देसाई यांनी १९६४ च्या ग्रंथात हेच दाखवून दिले, की वेगळे राहणारी कुटुंबेही मालमत्ता, उत्पन्न आणि परस्परांविषयीची कर्तव्ये यांनी बांधलेली असू शकतात. पुढे ए. एम. शहा यांनी 'कुटुंब' आणि 'एका घरात राहणारा गट' या दोन कल्पना वेगळ्या ठेवण्याचा आग्रह धरला. पुतण्याच्या शिक्षणाचा खर्च परगावचा चुलता करीत असेल, तर त्या विद्यार्थ्याने कोणत्या रकान्यात खूण करावी?

मग रचनेचा परिणाम होतच नाही काय? होतो, परंतु तो बव्हंशी काही मध्यस्थ गोष्टींच्या द्वारे होतो. घरात येणारा पैसा, वडील माणसांचे लक्ष, अभ्यासास मिळणारा वेळ व जागा आणि वास्तव्याचे स्थैर्य या त्या गोष्टी होत. अमेरिकेतील एकपालक कुटुंबांविषयी सारा मॅक्लॅनहन व गॅरी सँडेफर यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेले संशोधन येथे उद्बोधक आहे. अशा कुटुंबांतील मुलांत शाळा अर्धवट सुटण्याचे प्रमाण अधिक आढळले. तथापि त्यांच्या पिछाडीपैकी सुमारे निम्मा भाग कमी उत्पन्नाने स्पष्ट होतो असेही त्यांनी दाखविले. उरलेल्या भागाचा संबंध त्यांनी पालकांचे कमी पडणारे लक्ष आणि वारंवार होणारे स्थलांतर यांच्याशी जोडला.

महाराष्ट्रात या विवेचनाचा प्रत्यय ऊसतोड कामगारांच्या कुटुंबांत येतो. बीड व आसपासच्या दुष्काळी भागांतून ही कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांकडे निघतात आणि गळीत हंगाम संपल्यावर मार्च-एप्रिलच्या सुमारास परततात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फेडण्यासाठी नवरा-बायको मिळून एक 'कोयता' म्हणून कामाला लागतात. आईने मागे राहावे तर कोयता मोडतो. म्हणून मुलास आजी-आजोबांपाशी ठेवावे लागते किंवा बरोबर न्यावे लागते. पावसाळ्यात आजी-आजोबा, आई-वडील आणि मुले एका चुलीवर जेवतात, तेव्हा ते कुटुंब एकत्र ठरते. हिवाळ्यात गावी म्हातारी माणसे व नातवंडेच उरली, तर त्यासाठी प्रश्नावलीत रकानाच नसतो. मूल फडावरच्या कोपीत आई-वडिलांबरोबर गेले, तर तेच कुटुंब विभक्त दिसते. वाटणी नाही, भांडण नाही; तरी वर्षभरात कुटुंबाचा प्रकार पालटतो.

शालान्त परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे बहुधा आई-वडील परतण्यापूर्वीच येते. गावी राहिलेल्या मोठ्या मुलीवर स्वयंपाक, पाणी आणि धाकट्या भावंडांचा सांभाळ पडतो. फडावर गेलेल्या मुलाची शाळा सुटते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे संरक्षण सहा ते चौदा वर्षांपर्यंतचे आहे. नववी-दहावीतील बहुतेक मुले त्या वयोमर्यादेपलीकडे गेलेली असतात. ज्या टप्प्यावर घराचा आधार सर्वाधिक हवा, नेमका त्याच टप्प्यावर कायद्याचा हात सुटतो.

यावरून संशोधकाने घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. कुटुंब कोणत्या प्रकारचे, एवढेच विचारून भागणार नाही. विद्यार्थी वर्षातील कोणते महिने कोणाबरोबर राहतो, खर्च कोण करतो, घरकामात किती तास जातात आणि सायंकाळी त्याच्या अभ्यासाची चौकशी कोण करतो, हे विचारले पाहिजे. हा केवळ शास्त्रीय काटेकोरपणाचा प्रश्न नव्हे. अपयशाचे खापर कुटुंबाच्या प्रकारावर फोडले, की शाळेला आणि शासनाला करण्याजोगे काही उरत नाही. कारण कुटुंबाचा प्रकार त्यांना बदलता येत नाही. कारण आई-वडिलांची सहा महिन्यांची अनुपस्थिती हे आहे असे ठरले, तर मात्र वसतिगृह, सायंकाळची अभ्यासिका आणि मुलीच्या डोक्यावरचा कामाचा भार हलका करणे हे उपाय समोर येतात. रकाना चुकीचा आखला गेला, तर त्याची किंमत अखेर त्या विद्यार्थ्यालाच मोजावी लागते.